शमशोनाचा न्हावी

मामांच्या सलूनमध्ये डोकं एकदा खुर्चीला टेकलं की गोष्ट सुरू व्हायची, आणि ती बायबलातलीच असायची. तुम्ही देवाला मानता का, मानत असाल तर कुठल्या, असले प्रश्न मामांनी जन्मात कुणाला विचारले नाहीत. ते एवढंच विचारायचे, "बारीक की मध्यम?" बारीक म्हटलं की दावीद आणि गल्याथ. एक गोफण, एक दगड, राक्षस धाडकन आडवा, झाले केस. मध्यम आणि वर डोकं धुवायचं असेल तर नोहा आणि त्याचा महापूर, कारण काम पाण्याचं. दाढीला योना. गालांवर गरम टॉवेल गुंडाळून मामा म्हणायचे, "पडा आता माशाच्या पोटात. घाबरू नका, बाहेर काढतो." आणि पोरं आली की खुर्चीच्या दोन्ही हातांवर फळी टाकायचे नि सांगायचे, जक्कय नावाचा एक बुटका माणूस होता, त्याला गर्दीत काही दिसेना म्हणून तो झाडावर चढला, तसा तू या फळीवर चढ बघू. पोरं चढायची. घरी नखंसुद्धा कापू न देणारी कार्टी इथे मान न हलवता बसायची, का, तर येशू त्या जक्कयाच्या घरी जेवायला जातो की नाही ते कळायला हवं ना!

मामा स्वतः चर्चमध्ये फारसे जात नसत. जाणार कसे? रविवारी सलूनमध्ये पाय ठेवायला जागा नसे. पाळकसाहेब केस कापायला यायचे तेव्हा बाकावरची गर्दी बघून म्हणायचे, "मामा, तुमच्याकडे माझ्यापेक्षा जास्त लोक ऐकायला बसतात, आणि एकही पेंगत नाही." मामा या वाक्यावर इतके खूश व्हायचे की पाळकसाहेबांची मान ते दुप्पट काळजीने साफ करायचे.

बाकावर बसणाऱ्यांत एक वकीलसाहेब होते. त्यांच्या डोक्यावर कापण्याजोगं काही उरलं नव्हतं, तरी ते नेमाने यायचे. मामा त्यांना म्हणायचे, "देवाने प्रत्येकाच्या डोक्यावरचा केस न् केस मोजून ठेवलाय म्हणतात. तुमच्या डोक्यापाशी आला की बिचारा जरा दम खात असेल." वकीलसाहेब सर्वांत मोठ्याने हसायचे. आणि मामांच्या शेजारच्या खुर्चीवर काम करायचा तो पन्नाशीचा कारागीर. त्याला सगळे 'दुसरी खुर्ची' म्हणूनच हाक मारत. दुसरी खुर्ची पक्का नास्तिक. "देव, सैतान, स्वर्ग, नरक, सगळ्या थापा," असं तो छाती ठोकून सांगायचा. पण मामांची गोष्ट रंगात आली की याची कात्री हवेतच थांबायची, आणि याच्या खुर्चीतलं गिऱ्हाईक ओरडायचं, "अहो, इकडे बघा की जरा!"

तर असं सगळं छान चाललं होतं. घोळ केला तो शमशोनाने.

शमशोनाची गोष्ट म्हणजे मामांचा जीव की प्राण. शमशोन हा असा ताकदवान गडी, की सिंह आला तर नुसत्या हातांनी फाडला. जन्मापासून त्याच्या केसांना कुणी हात लावलेला नाही, आणि केस कापले की ताकद गेली, हे त्याचं गुपित. शत्रूंनी दलीला नावाच्या बाईला फितवलं. तिने गोड बोलून गुपित काढून घेतलं, त्याला मांडीवर झोपवलं, एक माणूस बोलावला आणि शमशोनाच्या सातही बटा उतरवून घेतल्या. इथे आले की मामा कात्री उंच धरायचे. "सात बटा! झोपलेलं गिऱ्हाईक! आणि डोळासुद्धा उघडला नाही! अरे, काय हात असेल त्या माणसाचा! आणि एवढ्या मोठ्या ग्रंथात त्याचं नाव कुणी लिहिलं नाही. आमच्या धंद्याचं हे असं आहे बघा!" मग गळ्याभोवतीचं कापड फटकन झटकायचे. केस झाले, गोष्ट झाली. पुढचा!

इतकी वर्षं मामांनी ही गोष्ट अशीच सांगितली. गिऱ्हाइकं हसत हसत घरी गेली. गोष्ट त्या केस कापणाऱ्याची नाहीच, हे मामांच्या ध्यानातही आलं नाही. आयुष्यभर ज्याने कात्री धरली, त्याला गोष्टीतही कात्रीच दिसणार ना! पण मामांच्या सलूनमध्ये एक ऐकणारी अशी होती, जी सगळा वेळ शमशोनाच्या बाजूने ऐकत होती.

ती भिंगरी. मामांच्या मुलीची मुलगी, पहिलीतली. एका जागी क्षणभर ठरत नाही म्हणून भिंगरी. तिची आई शहर-बस चालवायची, त्यामुळे शाळा सुटली की भिंगरी आजोबांच्या सलूनमध्ये. भिंगरीला उजव्या कानाने नीट ऐकू यायचं नाही. तान्ही असल्यापासून तो कान सारखा वाहायचा, पडद्याला भोक पडलेलं. वर्गात बाई काय म्हणाल्या ते अर्धं कळायचं, अर्धं नाही, आणि मग पोरं हसायची. पण पंजा लढवायला बसली की भिंगरीपुढे एकाचंही काही चालत नसे. तिसरीतल्या पोरांना तिने पाणी पाजलं होतं! पाठीवर दोन जाड वेण्या टाकून ती वर्गात शिरायची ती शमशोनासारखीच. कान नव्हता, पण ताकद होती. आणि ताकद कुठे असते, ते तिला पक्कं ठाऊक होतं.

त्या आठवड्यात भिंगरीच्या कानाचं ऑपरेशन ठरलं होतं. ठरल्या दिवशी मामांनी सलूनमध्ये नोहा सांगायला घेतला होता, वकीलसाहेब बाकावर होते, आणि दार आपटून मामांची मुलगी आत आली. अंगावर गणवेश नाही, केस विस्कटलेले, हाताला धरून भिंगरी. भिंगरीने हात सोडवून घेतला आणि पुढे काही न बोलता ती टॉवेलांच्या टोपलीमागे जाऊन बसली.

"झालं का इतक्यात?" मामांनी विचारलं.

"काय होणार, बाबा? कप्पाळ!" मुलगी बाकावर बसली आणि तिला रडू फुटलं. रडता रडता ती चिडली, कारण दुसऱ्यांसमोर रडायचा तिला भारी राग. "सगळं तयार होतं. नर्स आली, चांगली गोड बोलत होती. म्हणाली, कानाच्या मागचे केस काढावे लागतील. झालं! ही पलंगाखाली. ओढून काढली तर त्या बिचारीच्या हाताला चावली. आणि ओरडतेय काय, तर 'दलीला! दलीला!' नर्स म्हणते, अगं बाळ, माझं नाव दलीला नाही गं!"

वकीलसाहेबांना हसू आलं. त्यांनी ते खोकल्यात घालवलं.

"हसा, हसा," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, इतक्या रडणाऱ्या पोरीला भूल द्यायची नाही. पुढच्या मंगळवारी परत आणा. तेव्हाही असंच झालं तर एकदम वर्षअखेरची तारीख. आणि तोवर तो कान आतून खराब होत जाणार. मग ऑपरेशन करूनही ऐकू येईलच असं नाही, स्पष्ट सांगितलंय त्यांनी." तिने डोळे पुसले आणि बापाकडे रोखून बघितलं. "तुमच्या त्या शमशोनापायी माझी पोर बहिरी होणार, बाबा. आता तुम्हीच निस्तरा. तिला सांगा, खोटं आहे सगळं. नाहीतर आजपासून माझ्या मुलीला एकही गोष्ट सांगायची नाही. एकही!"

मामांचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी कात्री खाली ठेवली. डोक्याला साबण लावलेलं गिऱ्हाईक तसंच बसून राहिलं, कारण या नोहाचं काय होणार ते त्यालाही कळेना.

मामा टोपलीपाशी गेले, गुडघे कुरकुरत असतानाही खाली बसले, आणि भिंगरीच्या डाव्या बाजूला तोंड नेऊन म्हणाले, "भिंगरे, तो शमशोन आहे ना... ती आपली नुसती एक गोष्ट आहे गं."

"खोटी?"

"म्हणजे... तशी..."

भिंगरीने डोकं वर केलं. "मग योना पण खोटा? मासा पण?"

मामांनी टोपलीतला एक टॉवेल उचलून पुन्हा घडी घातला.

"आणि नोहाचं कबूतर? आणि तो बुटका जक्कय?"

मामांनी असहाय होऊन मागे बघितलं. वकीलसाहेब बाकावरून अर्धे उठले होते आणि मान जोरजोरात हलवत होते. साबणवाला आरशातून टक लावून बघत होता. आणि दुसरी खुर्ची, तोच तो छाती ठोकणारा नास्तिक, दबक्या आवाजात म्हणाला, "मामा, एवढं मात्र बोलू नका हं. जक्कयाला तरी हात लावू नका. माझी पोरं त्याच्यावरच वाढलीत."

मामांच्या तोंडून "खोटी" हा शब्द काही निघेना. निघाला असता तर त्या क्षणी भिंगरीच्या हातून नुसता शमशोन गेला नसता. रात्री अंधाराला भ्याली की ती सिंहांच्या खड्ड्यातला दानीएल आठवायची, तो गेला असता. पोरं हसली की दावीद आठवायची, तो गेला असता. मामा म्हणाले, "नाही गं. खोटी कशी असेल!" आणि मुलीने कपाळाला हात लावला.

पुढचे दिवस मामांनी जंग जंग पछाडलं. बायबलात केसांच्या गोष्टी काही कमी नाहीत, आणि त्या मामांइतक्या कुणाला पाठ नसतील. त्यांनी अबशालोम काढला. राजाचा देखणा पोरगा, केसांचा भारी गर्व, खेचरावर बसून पळत होता, डोकं झाडाच्या फांद्यांत अडकलं, खेचर गेलं निघून, आणि हा लोंबकळला. "बघ, लांब केसांनी काय होतं!"

भिंगरीने विचार केला. "मी खेचरावर बसतच नाही," ती म्हणाली.

मग मामांनी अलीशा काढला. हा देवाचा मोठा माणूस, पण टकलू. गावातली टारगट पोरं त्याच्या मागे लागली, "ए टकल्या, ए टकल्या," आणि रानातून दोन अस्वलं आली. भिंगरीचे डोळे चमकले. "म्हणजे माझे केस कापले आणि वर्गातली पोरं मला टकली म्हणाली, तर अस्वलं येतील?"

मामांना वाटलं, जमतंय! ते तोंड उघडणार, तेवढ्यात बस डेपोला लावून आलेली मुलगी दारातून ओरडली, "बाबा! वर्गात अस्वलं सोडू नका! मला बाईंनी बोलावून घ्यायला नकोय!"

भिंगरी हिरमुसली. तरी वेण्या तिने दोन्ही मुठींत धरून ठेवलेल्या, झोपतानासुद्धा. खरं म्हणजे ती धड झोपतच नव्हती. डोळा लागला की दचकून उठायची आणि केस चाचपून बघायची. आईने तिला किती वेळा पोटाशी घेतलं. काही उपयोग नाही.

सोमवार आला. उद्या हॉस्पिटल. दुपारची वेळ, सलूनमध्ये गर्दी नव्हती. वकीलसाहेब होते, ते कुठे जाणार? मुलगी रजा काढून टोपलीमागच्या भिंगरीजवळ बसली होती. मामा नुसतेच वस्तरा पुसत होते, त्या दिवशी त्यांनी एकाही गिऱ्हाइकाला गोष्ट सांगितली नव्हती, आणि लोक "मामांना बरं नाही का?" असं विचारत होते.

तेव्हा दुसऱ्या खुर्चीने घसा खाकरला. "मामा, एक विचारू? इतकी वर्षं तुमच्या शेजारी उभा आहे. शमशोनाचे केस कापले. बरं. मग? पुढे काय झालं त्या माणसाचं?"

"पुढे?" मामा म्हणाले.

"तुम्ही दर वेळी कापड झटकता हो! मला वाटायचं, विचारलं तर तुम्ही म्हणाल, नास्तिकाला कशाला नसत्या चौकशा. म्हणून गप्प बसलो. पण पुढे काहीतरी असेलच की."

मामा चांगलेच वरमले. पुढे होतं. त्यांनी लहानपणी ऐकलं होतं. पण केस कापून झाल्यावर गिऱ्हाईक घरी जातं, तसा केस कापून झाल्यावर त्यांचा शमशोनही घरी गेला होता. टोपलीमागून दोन डोळे वर आले.

"सांगतो," मामा म्हणाले, आणि खुर्ची रिकामी असूनही सवयीने तिच्यामागे जाऊन उभे राहिले. भिंगरी आपणहून उठून त्यांच्या उजवीकडे, म्हणजे आपला चांगला कान त्यांच्याकडे येईल अशी, बसली. "शत्रूंनी त्याला पकडला. ताकद गेलेली. त्याचे डोळे काढले. तुरुंगात टाकला, आणि बैलासारखं जातं ओढायला लावलं. गोल गोल, दिवसभर."

"बाबा!" मुलगी म्हणाली.

"थांब गं आई," भिंगरी म्हणाली.

"पण तुरुंगात बसल्या बसल्या काय झालं ठाऊक आहे? त्याचे केस वाढायला लागले."

भिंगरी उडालीच. "परत आले?"

"येणारच! केसांचं कामच ते. नाहीतर माझं दुकान कधीच बंद पडलं असतं. रोज थोडे, रोज थोडे. आणि त्या शत्रूंच्या एवढ्या मोठ्या वाड्यात एकाच्याही लक्षात येऊ नये! एक केस कापणारा पदरी असता तर पहिल्या आठवड्यात म्हणाला असता, अहो, हा गडी वाढलाय." वकीलसाहेब फस्सकन हसले. मामांना हुरूप आला. "मग एक दिवस त्यांनी मेजवानी केली, आणि टिंगल करायला शमशोनाला बोलावलं. त्याला दोन खांबांच्या मधे उभं केलं. सगळं घर त्या दोन खांबांवर. तेव्हा शमशोनाने ताकद मागितली. केसांकडे नाही मागितली हं. देवाकडे मागितली. म्हणाला, एकदाच दे. आणि खांब रेटले."

"मग?"

मामा थांबले. त्यांचा हात कापडाकडे गेला. इथे झटकलं की काम फत्ते! ताकद परत आली, पोरगी हसेल, उद्या हॉस्पिटलात जाईल. मुलगीसुद्धा डोळ्यांनी तेच सांगत होती, बाबा, बस करा. पण दुसऱ्या खुर्चीचा तो प्रश्न त्यांना टोचत होता, आणि भिंगरी त्यांच्या ओठांकडे बघत होती. मामांनी हात मागे घेतला.

"मग घर पडलं. सगळ्यांवर. त्याच्यावरसुद्धा. तो पण गेला, भिंगरे."

मुलीने तोंड फिरवलं. मामांना वाटलं, संपलं सगळं, आता पोर वर्षअखेरपर्यंत पलंगाखालून निघत नाही.

भिंगरी पाय हलवत होती. मग तिने विचारलं, "आजोबा, त्या कापणाऱ्याने त्याला विचारलं का नाही?"

"कुणाला?"

"शमशोनाला. आधी विचारायचं ना, कापू का म्हणून. तो झोपला होता आणि कापले. त्याला कळलंच नाही." तिचा आवाज बारीक झाला. "नर्सपण तेच म्हणाली. म्हणाली, तू गाढ झोपशील, मग आम्ही हळूच केस काढू, तुला कळणारसुद्धा नाही."

मुलीने हळूच "अगं बाई!" म्हटलं.

मामा खाली बसले ते थेट गिऱ्हाइकाच्या खुर्चीत. वर्षानुवर्षं ज्याच्या हाताचं ते कौतुक करत आले, त्या माणसाकडे त्यांनी पहिल्यांदा खुर्चीत बसणाऱ्याच्या नजरेने बघितलं, आणि त्यांना शरमेने घाम फुटला. त्यांच्या स्वतःच्या सलूनमध्ये न विचारता कुणाच्या केसाला कात्री लागत नसे. बारीक की मध्यम? हा प्रश्न ते तान्ह्या पोरालाही विचारायचे! आणि झोपलेल्या माणसाचं डोकं भादरणाऱ्या त्या हरामखोराची वाहवा ते भर दुकानात, पोरीच्या समोर करत होते.

"भिंगरे," ते म्हणाले, "तो माणूस कारागीर नव्हताच गं. तो आमच्या धंद्याला बट्टा होता. मी मूर्ख, मला आजवर दिसलं नाही."

"मग मला कोण विचारणार?"

मामा उठले. त्यांनी खुर्ची झटकली, हातांवर फळी टाकली, धुतलेलं पांढरं कापड काढलं. मग मोठ्या गिऱ्हाइकापुढे उभे राहतात तसे ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "बाईसाहेब, या. केस कापायचेत का आज? नको असतील तर तसं सांगा."

भिंगरीने आईकडे बघितलं. आईच्या गालांवरून पाणी घळाघळा वाहत होतं आणि या वेळी तिला त्याचा रागही आला नव्हता. भिंगरी फळीवर चढली. "जागी असताना?"

"टक्क जागी."

"आणि मी थांब म्हटलं की थांबायचं."

"तिथल्या तिथे."

"मग काप," भिंगरी म्हणाली. "नुसते कानामागचे नको. सगळे बारीक. म्हणजे सगळे एकदम वाढतील."

मामांनी वेण्या सोडल्या. दर कात्रीला ते विचारायचे, "कापू?" आणि भिंगरी म्हणायची, "हं." मध्येच ती "थांब!" म्हणाली. मामा थांबले. तिने फक्त बघून घेतलं, खरंच थांबतात का, मग म्हणाली, "चल." वकीलसाहेब म्हणाले, "गोष्ट कुठाय आज?" तर भिंगरीच सांगायला लागली. शमशोनाचीच. मात्र तिच्या गोष्टीत दलीलाने बोलावलेला माणूस दारात येतो, झोपलेल्या शमशोनाकडे बघतो आणि म्हणतो, "अहो बाई, यांना आधी उठवा, विचारल्याशिवाय मी कापत नाही," आणि शमशोन उठतो. दुसरी खुर्ची म्हणाली, "पण असं लिहिलेलं नाहीये ना?" भिंगरी म्हणाली, "नाही लिहिलेलं. माहीत आहे मला. खरी पण सांगते नंतर." आणि तिने खरीसुद्धा सांगितली, खांबांपर्यंत, सगळं घर पडेपर्यंत.

केस झाले. भिंगरीने आरशात बघितलं, डोक्यावरून हात फिरवला आणि उडी मारून खाली उतरली ती थेट दुसऱ्या खुर्चीपुढे. "चला, पंजा!" काउंटरवर कोपरं टेकली. वकीलसाहेब पंच झाले. दुसऱ्या खुर्चीचा हात हळूहळू, हळूहळू आडवा पडला. मुद्दाम पडला का, असं त्याला सगळ्यांनी नंतर खोदून खोदून विचारलं. तो आजवर शपथेवर नाही म्हणतो, आणि शपथ कुणाची घेतोस म्हटलं तर विषय बदलतो.

मंगळवारी हॉस्पिटलात भिंगरी स्वतःच्या पायांनी आत गेली. नर्सच्या हाताला चावल्याबद्दल तिने माफी मागितली आणि विचारलं, "अजून दुखतंय का?" डॉक्टरांना सांगितलं, "मला काय काय करणार ते आधी सांगा, मग झोपवा." त्यांनी सांगितलं. सगळं, एक एक करून. ती झोपली. बाहेर बाकावर मामा आणि त्यांची मुलगी एकमेकांचा हात धरून बसले होते. मुलगी म्हणाली, "बाबा, मला लहानपणी ती नोहाची सांगायचात तशी सांगा ना." मामांनी तिचा हात न सोडता नोहा सांगायला घेतला.

काही आठवड्यांनी कानावरची पट्टी निघाली, आतला कापूसही निघाला. डॉक्टर म्हणाले, जखम भरलीय, आता बघू हळूहळू काय होतं. म्हणजे अजून कुणी काही सांगू शकत नव्हतं. त्यानंतरचा रविवार. सलून तुडुंब. डोक्यावर ब्रशसारखे ताठ केस उभे राहिलेली भिंगरी दारापाशी जमिनीवर चित्र काढत बसली होती, नजर कागदावर, आणि ऑपरेशन झालेला उजवा कान त्यांच्या बाजूला. डावा रस्त्याकडे. मामांच्या खुर्चीत एक चिमुरडं रडत होतं. मामा त्याच्या कानाशी लागून, हळू आवाजात, फक्त त्याला सांगत होते, "योनाला मासा म्हणाला, काय रे बाबा, किती कडू आहेस तू! आणि त्याने केलं, थू!"

आणि दाराकडून खळखळून हसू आलं.

मामांचा हात जागच्या जागी थांबला. भिंगरी आजवर हसायची ती नेहमी सगळ्यांच्या मागून. इतरांचे चेहरे बघून, ते हसले की मग. आज खुर्चीतलं पोरगंसुद्धा अजून हसलं नव्हतं. तिच्यासमोर चेहराच नव्हता, होता तो कागद. ती पहिली हसली होती. मामांनी एका हाताने खुर्चीची पाठ घट्ट धरली, आणि भर गिऱ्हाइकांत, तोंड न लपवता, ते रडले. दुसऱ्या खुर्चीने पुढे होऊन त्यांच्या हातातली कात्री हळूच काढून घेतली.

भिंगरीने वळून बघितलं. "थांबलास कशाला, आजोबा?" ती म्हणाली. "मला ऐकू येतंय. सांग ना पुढे."